नराच्या रक्तातील बलक

बाजारात मासळी घेताना जाणती गृहिणी माशाचे पोट बोटाने हळूच चाचपून पाहते. आत गाबोळी लागली की मासा मादी, याबद्दल ना तिला शंका असते ना विकणारीला. आज मी जी हकिकत सांगणार आहे, ती या साध्या व्यवहारज्ञानाला एके ठिकाणी तडा गेल्यापासून सुरू होते.

ते ठिकाण म्हणजे इंग्लंडातली ली नदी. ल्यूटन शहराजवळ ती उगम पावते, हर्टफर्डशायर परगण्यातून वाहत खाली लंडनला येते आणि तिथे टेम्सला मिळते. नदी काही मोठी नव्हे. पण लंडनकरांना पिण्याचे पाणी पुरवण्याचे काम ती करते, आणि वाटेतल्या गावांचे शुद्ध केलेले सांडपाणीही तीच पोटात घेते. तिच्या काठी गळ टाकून तासन् तास बसणारे शौकीन इंग्रज पुष्कळ. त्यांच्या गळाला लागणारा नेहमीचा मासा म्हणजे रोच, आपल्या रोहूचा दूरचा भाऊबंद म्हणा ना. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या नदीवरच्या सांडपाणी केंद्राच्या तळ्यांत काही रोच असे सापडले की, त्यांना नर म्हणावे की मादी हेच कळेना. एकाच माशाच्या अंगात वृषण होते आणि त्याच वृषणात अंडीही होती. माशांच्या काही जातींत हा प्रकार निसर्गतःच असतो. पण रोच त्यातला नव्हे. क्वचित एखादा अपवाद निघाला असता तर कोणी लक्ष दिले नसते. अनेक निघाले म्हणून चर्चा झाली.

आता पाहा, विचित्र मासा सापडणे ही बातमी झाली, पुरावा नव्हे. मी इतिहासाचा मास्तर. विज्ञानाच्या गावात मला कोणी आवतण दिलेले नाही. पण पुराव्याची गोष्ट निघाली की आमच्या पेशाच्या माणसाचे कान टवकारतात. मासा असा का झाला याची उत्तरे अनेक असू शकतात. रोग असेल, उन्हापावसाचा परिणाम असेल, वंशातला दोष असेल. केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यातच काहीतरी आहे, असा संशय होता. संशयिताचे नावही ठाऊक नव्हते. शिवाय वृषणात अंडी तयार व्हायला काळ लागतो. मासा हाती लागतो तेव्हा गुन्हा कधीचाच घडून गेलेला असतो. हवा होता असा साक्षीदार, जो दोन-तीन आठवड्यांत बोलेल आणि ज्याच्या बोलण्याचे दोन अर्थ निघणार नाहीत.

तो साक्षीदार अंड्याच्या पिवळ्या बलकात सापडला. पण तो तिथे कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे.

अंडे घालणाऱ्या प्राण्यांत पिलाची शिदोरी अंड्यातच बांधून द्यावी लागते. ती शिदोरी म्हणजे बलक. बलक अंडाशयात तयार होत असेल असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात त्याचा कच्चा माल तयार होतो यकृतात. विणीचा हंगाम जवळ आला की मादीचे अंडाशय इस्ट्रॅडिऑल नावाचे हार्मोन रक्तात सोडते. ते यकृताला जाऊन भिडते. यकृत मग एक भलेमोठे प्रथिन बनवू लागते, त्यात स्निग्ध पदार्थ आणि फॉस्फरस बांधलेला असतो, कॅल्शियमही त्याच्या सोबतीने जाते. हे प्रथिन रक्तावाटे अंडाशयात पोचते, वाढत्या अंड्यांत शोषले जाते आणि तिथे त्याचे तुकडे होऊन बलक बनतो. या प्रथिनाचे नाव व्हायटेलोजेनिन. लॅटिनमध्ये बलकाला विटेलस म्हणतात, त्यावरून ते पडले.

नाव माशावरून पडले नाही, पतंगावरून पडले, ही यातली मौज. अमेरिकेत विल्यम टेल्फर नावाचा संशोधक सिक्रोपिया जातीच्या मोठ्या रेशमी पतंगावर काम करीत होता. १९५४ साली त्याने दाखवले की मादी पतंगाच्या रक्तात एक प्रथिन भरपूर असते आणि नराच्या रक्तात ते जवळजवळ नसतेच. आणि मादीच्या रक्तातले ते प्रथिन पुढे अंड्यांत जाऊन साठते. पुढे १९६९ साली टेल्फर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असल्या प्रथिनांना व्हायटेलोजेनिन हे नाव दिले. कोंबड्या, बेडूक, मासे या सर्वांना मग तेच नाव लागू झाले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायची. नराच्या यकृतातही हे प्रथिन बनवण्याची सगळी सामग्री असते. जनुक तेच, कारखाना तोच. फक्त हुकूम येत नाही, कारण नराच्या रक्तात इस्ट्रोजेन गटातले हार्मोन फारच थोडे असते. हुकूम बाहेरून दिला तर? कोंबड्याला मादीचे हार्मोन टोचले तर त्याचे यकृत मुकाट्याने बलकाचे प्रथिन करू लागते. बिचाऱ्याला अंडाशय नसल्यामुळे ते रक्तातच साठत जाते. १९७० च्या दशकात जीवशास्त्रज्ञांना या खेळाचे मोठे आकर्षण होते, कारण बंद पडलेले जनुक हार्मोनने कसे जागे होते हे इथे उघड पाहता येत होते. यात लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत काम करणारे जमशेद टाटा यांचे नाव अग्रभागी आहे. हे गृहस्थ १९३० साली आपल्या मुंबईत जन्मलेले. त्यांनी आफ्रिकी नखधारी बेडकाच्या यकृतावर वर्षानुवर्षे हाच प्रश्न लावून धरला. या प्रयोगांतून आणखी एक चमत्कारिक बाब दिसली होती. नराला एकदा हार्मोन दिले, परिणाम ओसरू दिला आणि काही काळाने पुन्हा दिले, तर दुसऱ्या खेपेस यकृत अधिक लवकर आणि अधिक जोराने कामाला लागते. जणू पहिला हुकूम त्याने लक्षात ठेवलेला असतो. आपल्या देशातही दिल्ली विद्यापीठात सुंदरराज आणि नाथ यांनी शिंगी माशात स्टेरॉइड हार्मोनांनी हे प्रथिन कसे तयार होते याचा अभ्यास केला आणि तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्ञान जमा होते; पण ते प्रयोगशाळेतले, ज्याचा नदीशी संबंध कोणी जोडला नव्हता.

ली नदीच्या प्रकरणात तो जोडला गेला. लंडनच्या पश्चिमेस ब्रुनेल विद्यापीठात जॉन सम्प्टर यांच्याकडे माशाच्या रक्तातले हे प्रथिन अतिसूक्ष्म प्रमाणातही मोजण्याची रीत होती. सरकारी मत्स्य प्रयोगशाळेतले कॉलिन पर्डम हे माशांच्या प्रजननशास्त्राचे जाणकार. या मंडळींनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जो प्रयोग केला तो इतका साधा आहे की शाळकरी मुलालाही समजावा. पिंजऱ्यात ट्राउट मासे घालायचे, तो पिंजरा सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ठेवायचा, एक ते तीन आठवड्यांनी मासे काढून त्यांचे रक्त तपासायचे. बस्स. रोच सोडून ट्राउट का घेतला, असे कोणी विचारील. तर ट्राउट शेतीवर सहज मिळत होता, त्याचे पूर्वचरित्र ठाऊक होते आणि त्याच्या प्रथिनाची मोजणी आधीच बसवलेली होती. नदीतल्या माशाने कुठे कुठे काय खाल्ले, कुठून पोहत आला, हे कोण सांगणार?

निकाल पाहून मंडळी चक्रावली. माशांच्या रक्तातले बलकाचे प्रथिन ठिकाणपरत्वे ५०० पटींपासून १,००,००० पटींपर्यंत वाढले होते. आकडा पुन्हा सांगतो: एक लाख पट. विणीच्या हंगामातल्या मादीच्या रक्तात हे प्रथिन मिलिग्रॅमांनी मोजतात आणि नराच्या रक्तात नॅनोग्रॅमांनी. एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम मावतात. मधले अंतर एवढे प्रचंड असल्यामुळेच हा साक्षीदार विश्वासाचा. ताप मोजताना अर्ध्या अंशावरून वाद होतो. इथे वादाला जागाच नव्हती. पुढे इंग्लंड आणि वेल्समधल्या अनेक केंद्रांवर हाच प्रयोग झाला. काही ठिकाणी पाण्याच्या वाईटपणामुळे मासे मेले. पण जिथे जिथे ते जगले, तिथे तिथे प्रथिन वाढलेले आढळले. एका केंद्राची चूक म्हणून हात झटकता येतील अशी ही गोष्ट राहिली नाही. हे सारे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले १९९४ साली. पहिल्या विचित्र रोचपासून मोजले तर दीड दशक निघून गेले होते.

तरीही, साक्षीदाराची मर्यादा समजून घेतली पाहिजे. तो म्हणतो, "या माशाच्या यकृताला इस्ट्रोजेनचा हुकूम मिळाला." हुकूम कोणी दिला हे तो सांगत नाही. यकृतातल्या ग्राहक रेणूला नेमके हार्मोन लागते असेही नाही. त्याच्यासारखा वळणदार कोणताही पदार्थ चालतो, खोट्या किल्लीने कुलूप उघडावे तसा. १९९४ च्या त्या लेखात दोन संशयित उभे केले होते. एक, गर्भनिरोधक गोळीतले एथिनिलइस्ट्रॅडिऑल. दुसरा, धुण्याच्या रसायनांतून कुजून निघणारे अल्किलफेनॉल नावाचे पदार्थ.

दुसऱ्या संशयिताची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोनेन्शाइन हे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवीत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळाले तरच भराभर वाढतात. एकदा इस्ट्रोजेन न घालताच त्या वाढू लागल्या. सगळी काचसामग्री, सगळे द्रव तपासून झाले. शेवटी दोष निघाला प्लॅस्टिकच्या नळ्यांत. त्या प्लॅस्टिकात नोनिलफेनॉल मिसळलेले होते आणि ते द्रवात झिरपत होते. हा शोध त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. हेच नोनिलफेनॉल औद्योगिक साबणांच्या विघटनातून नद्यांत उतरत होते. लगेच १९९३ साली ब्रुनेलच्या सुझन जॉबलिंग आणि सम्प्टर यांनी ट्राउटच्या यकृतपेशींवर ते घालून पाहिले. पेशींनी बलकाचे प्रथिन तयार केले.

पण इतिहासाच्या माणसाला इथे एक जुनी नोंद आठवते. लंडनचेच चार्ल्स डॉड्स आणि त्यांचे सहकारी १९३० च्या दशकात कृत्रिम इस्ट्रोजेन शोधीत होते. साध्या साध्या रसायनांची त्यांनी उंदरांवर परीक्षा केली आणि काही अल्किलफेनॉलांत हा गुण सौम्य प्रमाणात असल्याचे १९३८ साली छापले. त्याच वर्षी बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहॉफेन आणि होलवेग यांनी एथिनिलइस्ट्रॅडिऑल तयार केले. म्हणजे दोन्ही संशयितांची नावे एकाच वर्षीच्या दप्तरात होती. त्यानंतर पन्नास वर्षे एकाने कारखान्यांत आणि धुलाईघरांत संसार केला, दुसऱ्याने औषधाच्या दुकानात. ते दप्तर उघडून पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही. मला याचा राग कमी आणि ओळख जास्त वाटते; आमच्या दप्तरखान्यांतही असेच चालते.

यॉर्कशायरमध्ये एयर नदीच्या खोऱ्यात लोकर धुण्याचा जुना धंदा. लोकरीतला चिकट मेद काढायला त्या जातीचे साबण लागत, आणि ते सांडपाणी केंद्रातून नदीत येई. तिथे पिंजऱ्यातल्या नर ट्राउटांच्या रक्तात प्रथिन तर वाढलेच, त्यांच्या वृषणांची वाढही खुंटली. आणि केंद्रापासून काही किलोमीटर खालपर्यंत हा परिणाम दिसत राहिला. मग कारखानदारांनी ती रसायने कमी केली. पुन्हा पिंजरे टाकले, पुन्हा रक्त तपासले, आणि प्रथिनाचे प्रमाण खाली आल्याचे आढळले. त्याचा वृत्तांत २००२ साली प्रसिद्ध झाला. युरोपीय संघाने नोनिलफेनॉलच्या वापरावर २००३ साली निर्बंध घातले आणि ते २००५ पासून अमलात आले. एवढे प्रकरण सरळ मिटले. संशयित सापडला, त्याचा मालक सापडला, मालकाला सांगता आले.

बाकी नद्यांत असे झाले नाही. ज्या केंद्रांत कारखान्यांचे पाणी फारसे नव्हते, नुसते घरगुती सांडपाणी होते, तिथेही मासे तीच साक्ष देत होते. त्या पाण्याचे रसायनशास्त्रज्ञांनी अंश अंश वेगळे केले, कोणत्या अंशात इस्ट्रोजेनचा गुण आहे हे तपासत गेले आणि १९९८ साली नावे जाहीर झाली: इस्ट्रोन, इस्ट्रॅडिऑल आणि काही ठिकाणी अत्यल्प एथिनिलइस्ट्रॅडिऑल. पहिली दोन तर माणसाच्या देहातलीच. वर्तमानपत्रांनी लगोलग गोळी घेणाऱ्या बायकांकडे बोट दाखवले, ते अर्धवट होते. नैसर्गिक हार्मोन प्रत्येक घरातून, गोळी घेणाऱ्या न घेणाऱ्या सगळ्यांच्या मूत्रातून जात असते. देह ते बाहेर टाकताना त्याला दुसरा रेणू जोडून निष्प्रभ करून टाकतो. गंमत अशी की, सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूच ती जोड तोडतात आणि हार्मोन पुन्हा जिवंत होते. ज्यांनी पाणी धुवायचे तेच नकळत हा उद्योग करून ठेवतात. त्याच १९९८ साली जॉबलिंग, टायलर आणि सम्प्टर प्रभृतींनी आठ नद्यांतल्या रोच माशांची पाहणी प्रसिद्ध केली. दुभंग लिंगाचे नर सर्वत्र होते. केंद्रांच्या खालच्या अंगाला प्रमाण अधिक आणि काही जागी तर तपासलेले सगळेच नर तसे निघाले.

हे प्रथिन जलचरांच्या प्रत्येक दुखण्याचे निदान करील असे मात्र समजू नये. जहाजांच्या रंगातल्या ट्रायब्युटिलटिनने समुद्रकाठच्या गोगलगाईंच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटली. त्या वेळी नराच्या रक्तातला बलक शोधून काही हाती लागले नसते. शिंपल्यांत हे प्रथिन थेट मोजण्याऐवजी त्यातल्या फॉस्फरसावरून अंदाज बांधण्याची रीत पडली होती, तीही पुढे भरवशाची ठरली नाही. उलट बाजूने एक उपयोग आहे. मादीत हे प्रथिन असायलाच हवे, तेव्हा तिच्यात ते घटले तर इस्ट्रोजेनच्या निर्मितीत कोणीतरी अडथळा आणतो आहे असा तर्क करता येतो. म्हणूनच २००९ सालापासून आंतरराष्ट्रीय ओईसीडी संघटनेच्या प्रमाणित चाचण्यांत नर आणि मादी दोघांतही हे प्रथिन तपासतात. त्यासाठी झेब्रा मासा, जपानी मेडाका आणि अमेरिकेतला फॅटहेड मिनो हे तीन छोटे मासे ठरलेले आहेत.

तरी खरा प्रश्न उरतोच. रक्तात बलक आला, म्हणून काय बिघडले? मासे कमी झाले का? याचे उत्तर नदीत मिळणे कठीण, कारण नदीत शंभर गोष्टी एकदम चाललेल्या असतात. म्हणून कॅनडात आँटारिओ प्रांताच्या वायव्येला प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी एक, क्रमांक २६०, करेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडले. २००१ ते २००३ अशी तीन वर्षे उन्हाळ्यात त्यात एथिनिलइस्ट्रॅडिऑल सोडले. लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात पाच-सहा ग्रॅम. फॅटहेड मिनोच्या नरांत प्रथिन हजारो पटींनी चढले, मग वृषणांत बिघाड दिसला, मग नवी पिले दिसेनाशी झाली. अल्पायुषी मासा तो; पिढी खंडली की संपलाच. तळ्यातून ती जात जवळजवळ नाहीशी झाली. त्याला खाऊन जगणारा मोठा लेक ट्राउटही उपासमारीने घटला. हार्मोन सोडणे थांबवल्यानंतर काही वर्षांनी मिनो परत वाढले. २००७ साली हा वृत्तांत छापून आला तेव्हा रक्तातल्या साक्षीला प्रथमच एका संपूर्ण तळ्याचा दुजोरा मिळाला.

यावरून इंग्लंडातले रोचही संपले असतील असे वाटेल. तसे नाही. २०११ साली एका प्रजनन प्रयोगात दिसले की, सर्वात जास्त बिघडलेल्या नरांचे अपत्यप्रमाण ७६ टक्क्यांपर्यंत घटते. पण थोडे बिघडलेले नर बऱ्यापैकी निभावून नेतात. आणि २०१४ साली आनुवंशिक तपासणीवरून असे ठरले की, सांडपाण्याच्या नद्यांतले रोच पिढ्यान् पिढ्या तिथेच टिकून आहेत, बाहेरून भर पडली म्हणून नव्हे. रोच पुष्कळ वर्षे जगतो, मिनोसारखा दोन-तीन वर्षांचा पाहुणा नाही. शिवाय नदीतले प्रमाण तळ्यातल्याइतके नव्हते. काहींनी यावरून सुटकेचा निःश्वास टाकला. मला तो घाईचा वाटतो. मासा टिकला, पण ७६ टक्के हा आकडा खोडला गेला नाही.

खर्चाचे गणित मधल्या काळातच झाले होते. युरोपीय संघात एथिनिलइस्ट्रॅडिऑलची मर्यादा लिटरला ०.०३५ नॅनोग्रॅम ठेवावी अशी सूचना आली. ती पाळण्यासाठी इंग्लंड-वेल्समधली सांडपाणी केंद्रे सुधारायला सुमारे ३० अब्ज पौंड लागतील, असा हिशेब २०१२ साली मांडला गेला. लोकर धुणाऱ्या कारखानदाराला साबण बदलायला सांगता आले. इथे कोणाला सांगणार? मालक म्हणजे नदीकाठचे प्रत्येक घर. मर्यादेचा प्रस्ताव मागे पडला, आणि २०१५ साली ती तिन्ही हार्मोने युरोपच्या निरीक्षणसूचीत घालण्यात आली. त्या सूचीचा अर्थ एवढाच की, ठरलेल्या ठिकाणचे पाणी घ्यायचे, त्यात ही हार्मोने मोजायची आणि आकडा कळवायचा.